बँड बुक झाला आणि उपवास जाहीर झाला : आमच्या धर्मग्रामाचं एक प्रकरण

तारखा आधी सांगून टाकते कारण सगळा घोळ तारखांचाच आहे. आमचं चर्च कॅथलिक, संत ज्यूडच्या नावाचं, आणि त्या चर्चला जोडलेली सगळी माणसं म्हणजे धर्मग्राम. सण २८ ऑक्टोबरला, म्हणून नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, १९ ते २७. २०२३ साली २८ तारखेला शनिवार होता आणि आमच्याकडे नाचगाणं, खेळ, जेवण हे सगळं सणाच्या आदल्या रात्री असतं, म्हणजे शुक्रवारी २७ ला. बँडला अ‍ॅडव्हान्स देऊन झाला होता, जेवणाचं सांगून झालं होतं, तरुणांच्या ग्रुपची डान्सची प्रॅक्टिस महिनाभर चालली होती. आणि १८ ऑक्टोबरला, बुधवारी, नोव्हेना सुरू व्हायच्या बरोब्बर आदल्या दिवशी, पोप फ्रान्सिसनी जाहीर केलं की शुक्रवार २७ ऑक्टोबर हा उपवास, प्रायश्चित्त आणि शांतीसाठी प्रार्थनेचा दिवस पाळायचा. संध्याकाळी ६ वाजता रोममध्ये सेंट पीटर्समध्ये एक तास प्रार्थना, आणि जगभरच्या स्थानिक ख्रिस्तसभांनी आपापल्या ठिकाणी तसंच काहीतरी करावं अशी विनंती. इतर पंथांचे ख्रिस्ती, इतर धर्मांचे लोक, ज्यांना ज्यांना शांतीची चाड आहे त्या सगळ्यांनाच आमंत्रण होतं.

७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला होऊन अकरा दिवस झालेले, गाझावर बॉम्ब पडत होते. त्याच्या आदल्याच दिवशी, १७ तारखेला, जेरुसलेमचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले कॅथलिक धर्मप्रमुख, कार्डिनल पिझ्झाबाला यांच्या हाकेवर एक उपवास होऊन गेला होता. आमच्याकडे तो मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यानंतरच्या घोषणांमध्ये वाचला गेला, लोकांनी मान हलवली आणि घरी गेले. पण २७ तारखेचं तसं करून चालणार नव्हतं, कारण आमच्या सर्वात मोठ्या पार्टीच्या डोक्यावरच ती तारीख येऊन बसली होती.

मी तेव्हा धर्मग्राम परिषदेची सेक्रेटरी होते म्हणून हे सगळं माझ्या वहीत आहे. शांतीची प्रार्थना आणि धर्मग्रामाचा आनंद यांचा मेळ कसा घालायचा यावर बोलणं सोपं असतं, आमच्यावर प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा काय काय झालं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं. आमचं सगळं बरोबर ठरलं असं अजिबात नाही.

गुरुवारी रात्री, नोव्हेनाच्या पहिल्या मिस्सानंतर, तातडीची मीटिंग. तीन गट लगेच पडले. एक म्हणे सगळंच रद्द करा, तिकडे पोरं मरतायत आणि आपण इकडे बँड लावून नाचायचं का. दुसरा म्हणे कार्यक्रम आहे तसाच करू, सुरुवातीला दोन मिनिटं शांतता पाळू. तिसरा गट म्हणजे ट्रेझरर काकू एकट्याच, त्यांचा प्रश्न एकच होता की अ‍ॅडव्हान्स परत मिळणार का. (नाही मिळाला.)

दोन मिनिटांच्या शांततेबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं आणि आजही आहे. ती आपण आपलं मन हलकं करायला पाळतो, आणि संपल्या संपल्या ढोल वाजला की ती शांतता नव्हतीच असं वाटायला लागतं.

मीटिंगमधला सर्वात भारी मुद्दा एका रिटायर्ड वकील काकांनी काढला. ते म्हणाले, ज्या संताच्या नावाचं चर्च त्याचा सण त्या चर्चपुरता सोलेम्निटी असतो, सर्वात वरच्या दर्जाचा सण, आणि सोलेम्निटी आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासूनच सुरू होते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी आपला सण लागला! मग उपवास सूर्यास्ताला सुटला, नाचायला मोकळे. टाळ्या पडल्या. फादर हसले पण त्यांनी काकांना त्यांच्याच शस्त्राने गाठलं. कॅनन लॉचा, म्हणजे चर्चच्या कायद्याचा, २०२ वा नियम, कायद्याच्या दृष्टीने दिवस म्हणजे मध्यरात्रीपासून सलग २४ तास. म्हणाले, "लिटर्जीचा, म्हणजे उपासनेचा, शनिवार लागलेला असेल, पोटाचा अजून शुक्रवारच आहे." पुढे म्हणाले की कुठलाही शुक्रवार घ्या, १२५० व्या नियमाप्रमाणे वर्षातले सगळेच शुक्रवार प्रायश्चित्ताचे दिवस आहेत. म्हणजे ज्या ज्या वर्षी आपली पार्टी शुक्रवारी आली त्या त्या वर्षी आपण हे विसरूनच नाचलोय, फक्त कोणी आठवण करून दिली नव्हती. यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पोपनी बोलावलेला उपवास हा काही राखेच्या बुधवारसारखा (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) कायद्याने बांधणारा नव्हता, ती हाक होती. हे फादरनी स्पष्ट सांगितलं ते बरं झालं, कारण लगेच आजारी माणसांचं काय, गोळ्या घेणाऱ्यांचं काय, लहान मुलांचं काय असे प्रश्न सुरू झाले होते. बंधनकारक उपवाससुद्धा १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच असतो, त्यात एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं खाता येतं. अर्ध्या लोकांना हेच माहीत नव्हतं.

मग तरुणांच्या ग्रुपमधला एक मुलगा बोलला, डान्स तोच बसवत होता. "आम्ही नाचलो तर तिकडचे बॉम्ब थांबणार नाहीत, आणि नाही नाचलो तरी थांबणार नाहीत. मग आमचाच कार्यक्रम का जातो नेहमी? कोविडमध्ये गेला, त्यानंतर एकदा बिशपांच्या व्हिजिटमुळे गेला."

कोणाकडेच उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. चर्चमध्ये गंभीर काही आलं की पहिली कुऱ्हाड तरुणांच्या कार्यक्रमावर पडते, जेवणावर कधी पडत नाही हे बघा.

त्या मीटिंगमध्ये एक बाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची मुलगी तेव्हा इस्राएलमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या नोकरीला. आदल्या रविवारी मिस्सात त्यांचा फोन बाकावर उताणा, सायलेंटवर ठेवलेला होता आणि पुढच्या बाकावरच्या दोघींनी मागे वळून नाक मुरडलं होतं, मीही त्यातली एक होते. मला मुलीचं माहीत नव्हतं. मीटिंग संपल्यावर फादर त्यांच्याशी बोलले तेव्हा कळलं. त्या एवढंच म्हणाल्या की सण बंद करू नका, मला घरी एकटीला बसवत नाही.

ही एक गोष्ट आम्ही आधी विचारायला हवी होती. रद्द करा म्हणणारे ज्यांच्या नावाने रद्द करत होते त्यातलं कोणी आपल्याच बाकावर बसलंय का हे कोणी पाहिलंच नव्हतं. दुःखात असलेल्या माणसाला सण नको असतो हे आपण त्याला न विचारताच ठरवून टाकतो.

परिषदेला सल्ल्याचाच अधिकार असतो, निर्णय पॅरिश प्रीस्टचा. फादरनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी दिला. शुक्रवारी संध्याकाळी नोव्हेनाची नववी मिस्सा, मग पवित्र साक्रामेंताची (येशूचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीसमोरची) तासभर आराधना, शेवटी मेणबत्त्या घेऊन चर्चमधून हॉलपर्यंत न बोलता चालत जायचं, तिथे सणाची पहिली संध्याप्रार्थना म्हणायची आणि घरी. बँड नाही, जेवण नाही. शनिवारी सकाळी सणाची मिस्सा, आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये कार्यक्रम, पूर्ण, काही न कापता. तरुणांचा डान्स पहिला. हे शेवटचं वाक्य फादरनी दोनदा सांगितलं.

बँडला शनिवारी दुसरीकडे जायचं होतं, अ‍ॅडव्हान्स बुडाला. कोयरच्या मुलांनी दोन गिटार, एक कीबोर्ड आणि उसना स्पीकर यावर भागवायचं ठरवलं. जेवणवाल्याने कुरकुर करत शनिवार कबूल केला.

आता विनंत्यांचं भांडण. हे मला वाटतं या सगळ्या प्रकरणातलं सर्वात शिकण्यासारखं होतं. नोव्हेनाच्या रोजच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत (लोकांच्या वतीने वाचल्या जाणाऱ्या विनंत्यांत) शांतीसाठी एक विनंती घालायची ठरली आणि पहिल्याच दिवशी दोन माणसं सॅक्रिस्टीत (फादरच्या तयारीच्या खोलीत) येऊन भडकली. एकाचं म्हणणं तुम्ही ओलिसांचं नाव घेतलं नाही, दुसऱ्याचं म्हणणं गाझातल्या मुलांचं नाव शेवटी का घेतलं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी युक्रेनचं काय विचारलं. मग कोणी सुदानचं काढलं, तिथे एप्रिलपासून युद्ध चालू होतं आणि आमच्यात ते दोघातिघांनाच माहीत होतं. सिस्टरनी शेवटी एक साधा नियम केला, विनंतीत विशेषणं घालायची नाहीत. कोण दोषी, कोण निर्दोष हे देवाला सांगायची गरज नाही. मेलेल्यांसाठी, ओलिसांसाठी, घर सुटलेल्यांसाठी, जखमींसाठी, हल्ल्याचे आदेश देणाऱ्यांसाठी, बस. आणि देशांची नावं रोज वेगळ्या क्रमाने. आदेश देणाऱ्यांसाठी प्रार्थना हे काहींच्या घशाखाली उतरलं नाही, पण ते काढलं नाही.

आणि मग सिस्टरनीच दाखवलं की मिस्साच्या नियमांत या विनंत्यांचा क्रम दिलेला आहे. आधी ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि सगळ्या जगाचं तारण, मग जे कुठल्याही संकटात आहेत ते, आणि सर्वात शेवटी आपला स्थानिक समाज. आमचा कागद वर्षानुवर्षं उलटा होता! आधी आमच्या परीक्षा, आमच्या नोकऱ्या, आमचे आजारी, आमच्या हॉलचं बांधकाम, आणि वेळ उरला तर "जगात शांती नांदावी म्हणून" अशी एक ओळ, तीही वाचणारा घाईत गिळून टाकायचा. दहा वर्षं मी तो कागद टाईप करतेय, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवार आला. मिस्साला नेहमीसारखी गर्दी, आराधनेला निम्मे लोक राहिले. पूर्ण एक तास हे मुलांसाठी फारच झालं, दोन वेदीसेवक चक्क झोपले, एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर. तरुण जेमतेम सात-आठ. डान्सवाला मुलगा नव्हता. संध्याप्रार्थनेतली स्तोत्रं कोणालाच चालीत येत नव्हती, आम्ही ती कशीबशी वाचली. हे आधी शिकवायला हवं होतं, आठवडा हातात होता.

पण वाचन फादरनी असं निवडलं होतं की मला ते अजून आठवतं. योहानाच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय. शेवटच्या भोजनाच्या वेळी आमचे हे संत ज्यूड, म्हणजे इस्कर्योत नव्हे तो दुसरा यहूदा, सगळ्या शुभवर्तमानांत एकदाच तोंड उघडतात. २२ वी ओवी. येशूला विचारतात, तू स्वतःला आम्हाला प्रकट करणार आणि जगाला नाही, असं का? आणि येशू जे उत्तर द्यायला लागतो त्याच उत्तरात पुढे २७ वी ओवी येते, मी तुम्हाला शांती देऊन ठेवतो, माझी शांती तुम्हाला देतो, जग देतं तशी मी देत नाही. फादर म्हणाले, प्रत्येक मिस्सात प्रभूच्या प्रार्थनेनंतर मी हेच शब्द म्हणतो आणि तुम्ही शेजाऱ्याशी हात मिळवता, आणि ते शब्द निघाले आपल्या संताच्या प्रश्नावरून. इतकी वर्षं आपण यांच्याकडे नोकरी आणि व्हिसा मागतोय. एवढंच बोलून बसले, प्रवचन नाही. ज्यूड हे हाताबाहेर गेलेल्या गोष्टींचे संत, हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती, ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्या संध्याकाळी ते "हाताबाहेर गेलेलं" म्हणजे आपलं लोन किंवा लग्न नव्हतं.

बाकावर तो फोन होता. उताणा. या वेळी माझ्या शेजारी.

मग मेणबत्त्या. हॉलपर्यंत चालत, आणि हॉलमध्ये उभं राहून संध्याप्रार्थना. मुलांच्या हातातल्या मेणबत्त्या तिरक्या झालेल्या, कागदाच्या वाट्या लावायचं कोणाला सुचलं नाही, त्यामुळे हॉलभर फरशीवर मेण. रात्री कोणी पाहिलं नाही.

शनिवारची मिस्सा छान झाली, ती सोडून देते. संध्याकाळी सहाला तरुण स्पीकर लावायला आले आणि पहिलाच मुलगा घसरून आपटला. लागलं नाही, पण त्या फरशीवर नाचणं शक्यच नव्हतं. मेण पुसून जात नाही, खरवडावं लागतं. मग कोणी शाळेची स्टीलची पट्टी आणली, कोणी जुनं एटीएम कार्ड, वकील काकांनी खिशातून लायब्ररीचं कार्ड काढलं, आणि चाळीसेक माणसं गुडघ्यावर. काल न आलेले आणि काल आलेले, दोन्ही. तो डान्सवाला मुलगा माझ्या समोरच होता, खरवडता खरवडता म्हणाला, "आंटी, काल एवढे लोक होते?" मी म्हटलं हो. मग थोड्या वेळाने म्हणाला, सांगितलं असतं ना नीट, आम्हाला ग्रुपवर कळलं की फेस्टच कॅन्सल.

आणि ही आमची सर्वात मोठी चूक. फादरचा निर्णय शुक्रवारी, २० तारखेला, सकाळी झाला, पण लेखी घोषणा रविवारच्या मिस्सात करायची म्हणून आम्ही थांबलो, आणि मधल्या दोन दिवसांत "फेस्ट कॅन्सल" हा मेसेज सगळीकडे फिरला. शेजारच्या धर्मग्रामाचा कोयर त्यामुळे आलाच नाही, बरीच कुटुंबं शनिवारी दुसरीकडे गेली, जेवण उरलं. निर्णय चांगला असून उपयोग काय, तो लोकांपर्यंत "हे गेलं" असा पोचला, "हे इकडे सरकलं" असा पोचलाच नाही.

डान्स मात्र झाला, अर्धा तास उशिरा. बँड नव्हता म्हणून लोकांनीच गायलं, मोठी माणसं जुनी गाणी मागायला लागली, पोरांना ती येत नव्हती, मग मोठ्यांनी माईक घेतला. मुलगी तिकडे असलेल्या त्या बाई जेवणाच्या टेबलामागे वाढत होत्या. मध्येच त्यांचा फोन आला, हातातला चमचा शेजारणीकडे देऊन बाहेर गेल्या, दहा मिनिटांनी परत आल्या आणि चमचा परत मागितला. कोणी काही विचारलं नाही. त्यांनी मग स्वतःच सांगितलं, जेवलीय ती.

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण नोव्हेंबर संपेपर्यंत रोजच्या विनंतीतून देशांची नावं गेली, आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) परत ती एकच ओळ, आणि १ जानेवारीला, जो १९६८ पासून जागतिक शांती दिन म्हणून पाळला जातो, सकाळच्या मिस्साला रात्रीच्या पार्टीतून आलेले पेंगुळलेले चेहरे. युद्ध चालूच होतं. म्हणजे आनंदाने प्रार्थनेला ढकलून बाहेर काढलं असं काही झालं नव्हतं, कंटाळ्याने काढलं. आम्ही सगळी मीटिंग भांडलो ते नाच आणि प्रार्थना यांच्यावर, आणि खरा धोका तिसराच निघाला.

फेब्रुवारीत आम्ही दोन गोष्टी बदलल्या. विनंतीचा कागद आता मी टाईप करत नाही, दर आठवड्याला धर्मग्रामातल्या एका लहान समूहाकडे (शेजारच्या काही घरांच्या प्रार्थनागटाकडे) जातो, त्यांनी त्या आठवड्याच्या बातम्या वाचून दोन ओळी लिहायच्या, विशेषणं नाहीत हा नियम कायम. काही समूह छान लिहितात, काही अजूनही "जगात शांती नांदावी" पाठवतात. दुसरं म्हणजे शांतीची जी काही मोठी प्रार्थना असेल तिच्या तयारीला तरुणांचा एक जण आणि पार्टीच्या तयारीला आराधना ग्रुपची एक जण, सक्तीने. सुरुवातीला दोघंही गप्प बसायचे. आता आराधनावाल्या काकू गाण्यांच्या लिस्टवर भांडतात आणि तरुणांनी तासाची आराधना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत केली, मधल्या भागात मुलं असतात, मग ती घरी जातात.

परीक्षा परत आली ती २०२५ मध्ये. पोप लिओ चौदावे यांनी २० ऑगस्टला, बुधवारीच, सांगितलं की शुक्रवार २२ ऑगस्टला, राणी मरियेच्या स्मरणदिनी, शांती आणि न्यायासाठी उपवास आणि प्रार्थना करा. या वेळी हातात दोनच दिवस, आणि त्या शुक्रवारी आमचे तरुणांचे इनडोअर सामने. मीटिंग झालीच नाही. तोच मुलगा, आता ग्रुपचा लीडर, त्याने फादरला फोन केला आणि दहा मिनिटांत ग्रुपवर मेसेज आला : सामने होणार, नाश्ता नाही, पाणी आहे, नाश्त्याचे पैसे मदतनिधीला, पहिल्या सामन्याआधी चर्चमध्ये रोझरीची एक माळ, ज्यांना यायचं ते या. वाचून मला पहिल्यांदा वाटलं की खेळ कशाला, निदान एक दिवस. मग वही उघडून माझंच जुनं लिहिलेलं वाचलं आणि गप्प बसले. उपवासाचे पैसे गरजूंना द्यायचे ही चर्चची फार जुनी रीत, ती आमच्या २०२३ च्या प्लॅनमध्ये कोणालाच सुचली नव्हती, अख्ख्या परिषदेला, फादरसकट.

माळेला किती आले ते मी मोजलं नाही. सामने रात्री साडेदहापर्यंत चालले, हरलेल्या टीमने रेफरीशी भांडण काढलं, ते मिटवायला फादरना झोपेतून उठवलं.

सणाच्या तयारीची यादी अजून माझ्याकडेच असते. स्पीकर, खुर्च्या, फुलं, प्रथमोपचार पेटी, मेणबत्त्यांच्या कागदी वाट्या. आणि त्या वाट्या लावूनही मुलं मेण सांडतातच, म्हणून शेवटी : स्टीलच्या पट्ट्या, सहा.